धुवण फेकायचं नसतं

संभाजीनगरहून परत आल्यापासून गावात जो तो एकच विचारतो, "वेरूळ पाहिलंस का?" नाही पाहिलं. पाच दिवस त्या शहरात होतो. वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा आमची रिक्षा दुसरीकडे वळली. मी पाहिलं ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडखाली. ते पाहायला तिकीट लागत नाही आणि पाहायला कोणी जातही नाही. म्हणूनच लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी मी का गेलो ते सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात दाराच्या कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या यांना निकेलचा मुलामा देणारा एक छोटा कारखाना आहे. तिथं अकरा माणसं काम करतात, त्यांतला एक मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो त्या दिवशी मालक रावसाहेबांनी स्वतः पेढे आणले आणि म्हणाले, "उद्यापासून ये." तो उपकार मी विसरलेलो नाही.

मुलामा द्यायच्या कामाला पाणी फार लागतं. प्रत्येक रसायनानंतर वस्तू स्वच्छ धुवावी लागते. दुष्काळाचं हे दुसरं साल. विहीर आटली तेव्हापासून कारखान्याला आठवड्याला दोन टँकर येत, आणि ते येत मागच्या वस्तीतून, घागरींच्या रांगेला धूळ देत. एके दिवशी बायकांनी टँकर अडवला. सगुणाआजी म्हणून एक म्हातारी आहे, ती चाकापुढं बसली आणि रावसाहेबांना म्हणाली, "पाणी तुमीच न्यायचं अन् तुमीच नासवायचं व्हय?" आमचं वापरलेलं पाणी नाल्यात जातं, नाला वस्तीच्या विहिरीजवळून जातो. पुढच्या ग्रामसभेत ठरलं: एक महिन्याची मुदत. आठवड्याला एकच टँकर, आणि नाल्यात एक थेंबही नाही. जमलं नाही तर कारखान्याला कुलूप.

रावसाहेबांच्या ओळखीतून वाळूजच्या एका कारखान्याचा पत्ता मिळाला. आमच्याएवढंच पाणी घेऊन ते आमच्या कितीतरी पट काम करतात आणि बाहेर काही सोडत नाहीत, असं ऐकलं होतं. रावसाहेब म्हणाले, "तू शिकलेला आहेस. जाऊन बघ, कोणतं मशीन आहे त्यांच्याकडं."

सोमवार, वाळूज

शहर जालना रस्त्यावर कितीतरी आधीच सुरू होतं. मी बारावीत असताना एकदा आलो होतो, तेव्हा जिथं बाजरी होती तिथं आता बारा-बारा मजले उभे आहेत, आणि प्रत्येक इमारतीवर मोठ्या अक्षरात 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेलं. त्याच फलकाखाली टँकरची रांग. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पोरं शाळेत जात नाहीत, बाप कामावर जात नाही. सण असतो."

क्रांती चौकातून वाळूजची रिक्षा मिळाली. कारखान्याच्या मालकीण जोशी मॅडम केमिकल इंजिनिअर. त्यांचे आजोबा पैठणला भिक्षुकी करत, हे त्यांनीच हसत सांगितलं: "त्यांचं सोवळं पाण्याचं, माझंही पाण्याचंच."

मॅडमनी फिरवून सगळं दाखवलं. छपरावर उन्हाने पाणी तापवणाऱ्या नळ्या, त्या उष्णतेवर निकेलची टाकी गरम राहते. उरलेला गाळ वाळवून पिंपात भरतात आणि त्यासाठीच नेमलेल्या जागी पाठवतात. कँटीनचं पाणी मागच्या लिंबांना. मी विचारलं, "कारखान्याचं पाणी कुठून बाहेर जातं?" त्या म्हणाल्या, "वाफ होऊन, आणि यांच्या घामातून. तिसरी वाट ठेवलेली नाही."

मी मशीन शोधत होतो. शेडच्या मधोमध निकेलची मोठी टाकी, आणि तिला लागून तीन साध्या प्लास्टिकच्या टाक्या. तिथं दोन माणसं होती. एक शोभाताई, चाळिशीतल्या, साडीवर खाकी शर्ट आणि हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. दुसरे फोरमन युसूफभाई, पांढरी दाढी, चष्मा दोऱ्याने गळ्यात. शोभाताई टांगलेल्या वस्तूंची चौकट निकेलमधून वर उचलत आणि टाकीच्या वरच धरून ठेवत. थेंब खाली पडत राहायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत.

सुट्टी व्हायच्या आधी युसूफभाईंनी लांबून हाक दिली, "शोभाबाई, म्हैस को पिलाये क्या?"

"पाजलं, पाजलं! लई प्याली आज."

मी शेडच्या मागे जाऊन पाहून आलो. म्हैस कुठंच नव्हती. विचारायची लाज वाटली. बी.एस्सी. झालेल्या माणसाने म्हशीबद्दल काय विचारायचं?

मंगळवार, वाळूज

माझ्या हातून जे झालं ते आता लिहितो. लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

जेवणाची सुट्टी झाली. शोभाताई आणि युसूफभाई हात धुवायला गेले. मी टाक्यांपाशीच थांबलो होतो. सकाळपासून सगळे मला चहा देत होते, खुर्ची देत होते, आणि मला वाटत होतं की आपणही यांच्या काहीतरी उपयोगी पडावं. तिन्ही टाक्यांत डोकावलो. शेवटची अगदी निवळ, मधली जराशी हिरवट, आणि निकेलच्या शेजारची पहिली तर हिरवीगार, शेवाळलेल्या हौदासारखी. आमच्याकडं पाण्याला असा रंग चढला की आम्ही लगेच ते सोडतो आणि नवं भरतो. धुवायचं पाणी स्वच्छ हवं, हे तर मी पुस्तकातही वाचलं होतं. पहिल्या टाकीच्या बुडाला तोटी होती. मी ती उघडली. पाणी खाली जाळीत घळाघळा गेलं. टाकी रिकामी झाल्यावर मी फडक्याने तिचं बूडही पुसून काढलं.

शोभाताई परत आल्या, टाकीत पाहिलं, आणि हातातला डबा तसाच खाली ठेवला.

"अगं बाई! धुवण सोडून दिलं व्हय, सर?"

"घाण झालं होतं म्हणून..."

"घाण? अवो, महिन्याचं धुवण होतं ते! युसूफभाई, इकडं या, सरांनी म्हैस उपाशी मारली!"

युसूफभाई आले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून रिकामी टाकी नीट पाहिली, मग मला पाहिलं. "पूछे बगैर हाथ नक्को लगाओ बोले थे ना, मास्टर? और पोंछा भी मारे! माशाल्ला, क्या सफाई है."

तेव्हा कुठं मला म्हैस कळली. निकेलची गरम टाकी म्हणजे म्हैस. ती दिवसभर तापलेली असते, पाण्याची वाफ होते, पातळी खाली जाते, म्हणून तिला रोज पाणी पाजावं लागतं. ते पाजायचं पहिल्या टाकीतलं. वस्तू निकेलमधून निघते तेव्हा थोडं निकेल अंगावर घेऊन येते आणि पहिल्या टाकीत धुतली जाते. ते हिरवं पाणी म्हणजे घाण नव्हे, ते म्हशीचंच, तिलाच परत जायचं. पहिली टाकी जितकी खाली होईल तितकी मधलीतून भरायची, मधली शेवटच्यातून, आणि ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत. वस्तू इकडून तिकडे जाते, पाणी तिकडून इकडे येतं. मशीन असं काही नव्हतंच.

मी सोडलेलं पाणी खालच्या हौदात, मुलाम्याआधी वस्तू ज्या आम्लाने साफ करतात त्याच्या पाण्यात, मिसळलं होतं. आता ते म्हशीला चालणार नव्हतं. त्याचा गाळ करूनच पाठवावा लागणार होता.

मॅडम आल्या. मी उभा राहिलो. त्यांनी 'निघा' म्हटलं असतं तर गावाकडच्या दहा जणांना मी काय तोंड दाखवणार होतो? त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडे हे असंच करता?"

"रोज करतो, मॅडम."

"आणि जातं कुठं?"

"नाल्यात."

टाकीभर हिरवं पाणी मी एकदा सोडलं तर इथं तीन माणसांचे चेहरे उतरले होते, आणि आम्ही ते वर्षानुवर्षं, पुसून-बिसून, सोडत आलो होतो. सगुणाआजी चाकापुढं का बसली हे मला गावात कळलं नव्हतं. इथं कळलं.

मग मॅडम म्हणाल्या, "चूक अर्धी माझी आहे. या टाकीला हाताशी येईल अशी तोटी असायलाच नको होती. युसूफभाई, ती तोटी आज काढून टाका आणि भोक कायमचं बुजवा." मला म्हणाल्या, "तुम्ही राहा. गुरुवारी एक ड्रम पाण्यात शंभर कड्या धुऊन दाखवा. चांगल्या निघाल्या तर माझ्या मागच्या बाजूला तीन जुन्या टाक्या पडल्या आहेत, त्या घेऊन जा."

मी आजवर पुष्कळ मास्तर पाहिले. विद्यार्थ्याची चूक पाहून स्वतःची तोटी काढणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

मंगळवार संध्याकाळ, रांजणगाव

"चला, तुम्हाला शाळेत घालते," असं म्हणून शोभाताई मला घरी घेऊन गेल्या. वाळूजला लागून रांजणगाव आहे. शेतातून आलेली, कंपन्यांत लागलेली माणसं तिथं दोन-दोन खोल्यांत राहतात. शोभाताईंचे यजमान दुसऱ्या पाळीला गेले होते. शोभाताईंनी भाकरी टाकल्या, बरोबर शेपूची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. मी पोटभर जेवलो आणि सवयीने ताट सरकवून उठू लागलो.

"बसा खाली. ताटं कोन घासनार?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. आयुष्यात मी ताट घासलेलं नाही. आई म्हणायची, 'तू अभ्यास कर, राहू दे ते.' बहिणी घासायच्या. माझ्या पदवीसाठी घरात कोणी काय काय उचललं त्याची यादी मोठी आहे, त्यात माझं ताटही आहे.

"मंग तरीच!" शोभाताई खळखळून हसल्या. "म्हनून तुमाला धुवण ठाव नाय. सायन्स ठाव हाय, विसळनं ठाव नाय."

ओट्यावर त्यांनी तीन घमेली मांडली आणि फक्त शेवटच्यात तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं. बाकी दोन्हींत सकाळचंच होतं. घासलेलं ताट पहिल्यात, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. तिसऱ्यातून काढलं तर लखलखीत. "उद्या हे तिसरं दुसरं व्हतं, दुसरं पहिलं व्हतं. अन् पहिलं जातं शेजारच्या शेळीला. आमच्या माहेरी म्हैस व्हती. आय म्हनायची, धुवण फेकायचं नसतं, त्यात घास असतो." जोशी मॅडमच्या कारखान्यातल्या टाकीला म्हैस हे नाव कोणी दिलं, हे मला विचारावं लागलं नाही.

मी विसळू लागलो. पहिल्याच ताटाला त्यांनी हात धरला. "निथळू द्या ना! थेंब इकडचा तिकडं न्यायचा नाय. सगळी गोम निथळन्यात हाय."

"किती वेळ?"

तेव्हा कालच्या स्तोत्राचा उलगडा झाला. शोभाताईंना पाच नणंदा आहेत. चौकट वर धरली की त्या पाचही जणींची नावं सावकाश घेतात: कुशावर्ता, चंद्रकला, मुक्ता, रुक्मिण, धाकटी बेबी. बेबी म्हटलं की पुढच्या टाकीत. "मोठीचं नाव घेताना जरा येळ लागतो," त्या म्हणाल्या, "दात खावे लागत्यात ना!"

बुधवार, शहागंज

कड्या टांगायच्या चौकटीला रबराचं वेष्टण लागतं. ते आणायला युसूफभाई मला शहागंजला घेऊन गेले. दुकानांच्या त्या गर्दीत ते एखाद्या लग्नघरात वावरावं तसे वावरत होते, दर चार पावलांवर सलाम. कालचा राग त्यांनी मनात ठेवला नव्हता, पण सोडलाही नव्हता. प्रत्येक ओळखीच्याला माझी ओळख करून देत: "ये मास्टर हैं, परभणी के. भैंस को भूका मारके आये."

दुपारी त्यांनी नानखलिया खाऊ घातला. मऊ, केशरी पाठीचा नान आणि मटणाचा पातळ, तिखट रस्सा. आमच्याकडं रस्सा भाकरीत कुस्करून खातात, तसं मी नान कुस्करायला घेतला तर ते हळहळले. "नक्को, नक्को! बुडवो, निथारो, खाओ. यहाँ भी वहीच काम है!"

जेवताना त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करत. एका घंगाळात पन्नास भांडी धुवायचे. "पहले पानी कम था तो अकल ज़्यादा थी. फिर नळ आया, मोटर आयी. अकल नाली में गयी." मग म्हणाले, "तुम्हारे गाँव के लोग अच्छे हैं. ताला लगाने से पहले महिना दिये." हे मला सुचलं नव्हतं. मी इतके दिवस ग्रामसभेकडं शिक्षा म्हणून पाहत होतो.

गुरुवार, वाळूज

शंभर कड्या, दहा चौकटी, एक ड्रम पाणी. मॅडम खुर्ची टाकून बसल्या. युसूफभाईंनी बुजवलेल्या भोकावरून एकदा अंगठा फिरवला, तो माझ्यासाठीच होता.

मला नणंदा नाहीत, म्हणून शोभाताईंच्याच उसन्या घेतल्या. चौकट जड असते, ती निथळेपर्यंत तोलून धरायची म्हणजे खांदा भरून येतो. शोभाताई हे रोज आठ तास करतात. सहाव्या-सातव्या चौकटीला लय सापडली. तिसऱ्या टाकीचं पाणी शेवटपर्यंत निवळ राहिलं, तळ दिसत होता, आणि पहिलीला हळूहळू हिरवा रंग चढत गेला. तो रंग पाहून त्या दिवशी मला बरं वाटलं.

दहावी चौकट संपवायची मला घाई झाली. कड्या वाळल्यावर मी स्वतःच एकेक उजेडात धरून पाहिली. सात कड्यांवर पाण्याचे पांढरे डाग होते. मी त्या वेगळ्या काढून मॅडमच्या पुढं ठेवल्या.

शोभाताईंनी एक उचलून पाहिली. "शेवटाला बेबी ऱ्हायली का, सर?"

"रुक्मिणसुद्धा राहिली," मी म्हणालो.

मॅडमनी बाकीच्या कड्यांतली एक वाकवून पाहिली. मुलामा सुटला नाही. ड्रममध्ये हात घालून पाणी पाहिलं, तळाशी बादलीभर उरलं होतं. "टाक्या उद्या टेम्पोत चढवा," त्या म्हणाल्या. "एकच अट. पहिलीला तोटी बसवायची नाही."

शुक्रवारी निघताना मी शोभाताईंच्या पाया पडलो. त्या मागं सरकल्या, "अवो सर, काय हे!" मी त्यांना म्हणालो की मला आता सर म्हणू नका. त्या म्हणाल्या, "मंग काय म्हनू? पास झालात की!"

गावी

रावसाहेबांनी टेम्पोत डोकावून विचारलं, "मशीन कुठाय?" मी तीन टाक्या दाखवल्या. मग मी त्यांना आणि सगळ्या कामगारांना तीन घमेल्यांत चहाचे कप विसळून दाखवले. आमचा जुना कारागीर बाळूमामा म्हणाला, "हे तर आमची म्हातारी करते!" मी म्हणालो, तिलाच विचारून करू.

आम्लाच्या पाण्यासाठी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे गाळाचा हौद बांधला. नाल्याकडची मोरी विटा लावून बुजवली. काम सुरुवातीला सावकाश झालं, कारण निथळायला वेळ लागतो. रावसाहेब घड्याळ पाहायचे. कुणी भावकीची नावं घेतं, बाळूमामा गावातल्या देवळांची घेतो. पहिल्या आठवड्यात डाग पडले, दुसऱ्यात कमी झाले.

मुदत संपायच्या दिवशी ग्रामसभेची चार माणसं आली आणि त्यांच्याबरोबर सगुणाआजी. ती कारखान्यात आधी आलीच नव्हती. तिने नाल्याच्या बाजूला जाऊन बुजवलेल्या विटांवर काठी टेकवून पाहिली. मग आत येऊन पहिल्या टाकीतलं हिरवं पाणी बघत उभी राहिली. "हे काय करता आता?" तिने विचारलं. मी सांगितलं, "आजी, हे आता आतच राहतं."

"अन् हिरीत गेलंय ते?"

मी म्हणालो, दर महिन्याला विहिरीचं पाणी परभणीला तपासायला नेईन, ते शुद्ध निघेपर्यंत पिऊ नका. एवढंच मला करता येतं. ती टाकीजवळच खाली बसली.

तेवढ्यात रावसाहेबांचा फोन वाजला. टँकरवाला होता. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता: "मालक, या आठवड्याची दुसरी खेप घेऊन फाट्यावर आलोय. गेट उघडायला सांगा."

रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिसऱ्या टाकीत पाहिलं, पाणी निवळ होतं. तळ दिसत होता. मी नको म्हणून मान हलवली.

"गेटकडं येऊ नका," रावसाहेब फोनमध्ये म्हणाले. "वस्तीवर जा. तिथं रिकामा करा."

"किती टाकू तिथं?"

"सगळा."

सगुणाआजी उठली. पदर खोचत दाराकडं निघाली आणि जाता जाता बाहेर उभ्या असलेल्या बायकांना ओरडली, "अगं, घागरी काढा!"